ऊन यायच्या आत

तनू,

धान्याच्या मोंढ्यातून फोन आला म्हणून पॉलिश अर्धवट टाकून चाललो. गाडी दोनच बकेटीत धुतली, हे तुझ्या आईला सांग, न्हाईतर पाण्यावरून बोलंल.

गाडी अफसानाभाभींच्या भिंतीच्या सावलीत उभी हाय. दहाला तिथं ऊन येतं, अन् तापलेल्या बॉनेटवर पॉलिशचे डाग पडतात. त्याच्याआधी तू गाडी कोपऱ्यावरच्या गिरणीच्या शेडखाली ने, मग माझ्या जुन्या बनियननं पूस.

तू खांबाला घासलेल्या दारावर मी दोनदा पॉलिशचा हात फिरवला. ओरखडा जात न्हाई, राहू दे. खांब बघून वळव.

त्या दिवसापासून महिनाभर मी लपवलेली किल्ली तांदळाच्या डब्यात हाय. काम झाल्यावर परत डब्यात टाकू नको, तुझ्याजवळच ठेव.

पप्पा