तीस वर्षांची सरासरी

४ मे, सकाळी
आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. (मागची फेब्रुवारीत थांबली. पेन खराब.) संपादकांनी हवामानबदलाचं सदर माझ्याकडे दिलं. वयाने मुलासारखे आहेत, पण माणूस पारखतात. म्हणाले, सर, सामान्य वाचकाला पुरावा कळला पाहिजे, सोपं लिहा. सोपं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. शीर्षक ठरलं: 'तापमानवृद्धीची प्रमाणमीमांसा'.

६ मे
बाबा वरच्या खोलीतून खाली आले. म्हणाले, यंदा स्लॅब फार तापतोय रे, रात्रीसुद्धा भिंतीला हात लाववत नाही. शांतपणे समजावलं: एका खोलीतला एका उन्हाळ्याचा अनुभव म्हणजे नुसती हवा. हवामान म्हणजे तीस वर्षांची सरासरी. बाबा म्हणाले, तीस वर्षं मी कुठून आणू? वाक्य चांगलं आहे, लेखात घेतलं. माझी लिहायची खोली, एसीची, त्यांना द्यायचं ठरवलं. रविवारी. नक्की.

१० मे, रविवार
खोली बदलली नाही. टेबलावर आलेख मांडलेत, हलवले तर क्रम जाईल. ही म्हणाली, आधी क्रम जातो की बाबा, ते बघा. हिच्या बोलण्यात अतिशयोक्ती अलंकार फार.
लेख परत आला. संपादक म्हणतात, 'मीमांसा' काढा.

१३ मे
लोक लेखाकडे येत नसतील तर आपण लोकांकडे जावं. शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान. पत्रकं छापून आणली, जाड कागद, रंगीत आलेख. पहिलं शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना दिलं. (मनात मी त्यांना शंकासुर म्हणतो.) म्हणाले, ऊन आमच्या लहानपणीही होतंच की. लाल रेघ वर चढताना दाखवली. म्हणाले, रेघ काय हो, काढाल तशी चढेल.
बाबा जेवले नाहीत. उन्हाळ्यात भूक कमीच असते.

१६ मे, संध्याकाळी
व्याख्यान यशस्वी. श्रोते सात, त्यातले दोघे हॉल बंद करायला थांबलेले. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला भेद सविस्तर सांगितला. अंगाला लागतं ते प्रत्यक्ष, ते फसवं. खरा पुरावा आकड्यांचा. प्रश्न एकच आला: पंखा वाढवता येईल का? पत्रकांचा गठ्ठा जवळजवळ तसाच परत आणला आणि बाबांच्या खोलीत दाराशी ठेवला. खाली जागा कुठे आहे?
बाबांना यायचं होतं, पण जिना उतरवेना. उद्या खोली बदलायची. सकाळीच.

१७ मे, दुपारी
सकाळीच संपादकांचा फोन. सदर टिकवायचं तर दुपारपर्यंत आठशे शब्द हवेत. खोलीचं संध्याकाळवर टाकलं. लेख मात्र उत्तम उतरतोय. विषय: वृद्ध आणि उष्मा. 'वृद्धांनी दुपारच्या वेळी थंड खोलीत राहावे' हे इतकं सोपं लिहिलंय की मलाच आश्चर्य वाटलं. ही दोनदा दार वाजवून गेली. बाबा काहीतरी असंबद्ध बोलताहेत म्हणे. आलोच म्हटलं. शेवटचा परिच्छेद राहिलाय.

१९ मे
बाबा गेले. काल, दवाखान्यात. उष्माघात. डॉक्टरांनी विचारलं, कुठे झोपायचे? सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

२१ मे
लोक भेटायला येतात. ताई सासरहून आलीय. म्हणाली, बाबांच्याच खोलीत बसू. खोली भरली, काही जण जिन्यात उभे. हॉलमध्ये एवढे नव्हते. पंखा गरम हवाच फिरवत होता. पोस्टमास्तरांनी भिंतीला पाठ टेकली आणि लगेच काढली. मग तळवा टेकवून बघितला. हळूच म्हणाले, इथे राहायचे? ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, इथेच. एका घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.
ताईने दाराशी पडलेला गठ्ठा सोडला आणि एकेकाला पत्रक दिलं. कागद जाड, वारा बरा येतो. पोस्टमास्तर वारा घेता घेता थांबले, पत्रक डोळ्यांजवळ नेलं, आणि बराच वेळ लाल रेघेकडे बघत बसले.
संध्याकाळी खाली येऊन टेबल आवरलं. आलेखांचा क्रम काही गेला नाही.