बारा ठिकाणची माती

५ फेब्रुवारी १९९६, सोमवार

सगळं बदललं ते आज सकाळी साडेदहाला. आमच्या लॅबची केमिस्ट मृणाल हिने वजनकाट्यावरून मान वर न करता विचारलं, "बाराही ठिकाणची ना रे, शिरीष?" आणि मी म्हणालो, "हो."

एवढंच. तिने वहीत खूण केली आणि पहिली पिशवी सोडली.

खरं असं आहे. शनिवारी यशवंतपूरला प्लेटिंगच्या, क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात गेलो. कारखाना बंद झालाय, जागा विकायचीय, म्हणून टाक्यांखालची माती उकरून मागच्या आवारात ढीग घातलाय. ती सगळी सर्जापूर रोडच्या पुढे दगडाच्या जुन्या खाणीत पुरायची. लॅबचा कागद असल्याशिवाय खाणीवर ट्रक आत घेत नाहीत, आणि कागद आम्ही द्यायचा. लॅबप्रमुख राव सरांची रीत ठरलेली: ढिगात बारा ठिकाणी कमरेएवढं खणायचं, प्रत्येक ठिकाणची एक पिशवी. तीन-साडेतीन तास जातात. मी खणलं एकाच ठिकाणी, फाटकाकडच्या कडेला, भुसभुशीत लाल माती होती तिथे. बाराही पिशव्या तिथल्याच. लेबलं मात्र बारा निरनिराळी. अर्ध्या तासात मोकळा.

का? तर एक वाजता मृ.ला बघायला पुण्याचा मुलगा येणार होता, इंदिरानगरला, तिच्या मावशीकडे. शुक्रवारी डबा खाताना तीच सांगत होती, सगळ्यांसमोर, हसत. मला कुणी बोलावलं नव्हतं. समोरच्या दर्शिनी हॉटेलात उभा राहून तीन कॉफ्या प्यायलो. मुलगा आला. कॉम्प्युटर कंपनीतला. उतरल्यावर रिक्षावाल्याला थँक यू म्हणाला.

हे बघायला गेलो होतो.

७ फेब्रु., बुध.

पास. माती आंबट पाण्यात घालून अठरा तास मशीनवर डोलवतात, गाळतात, मग रसायनाचे थेंब टाकतात. विषारी क्रोमियम असेल तर जांभळं होतं. मृ.ने नळी उजेडात धरून दाखवली. "बघ, पाण्यासारखं. प्लेटिंगची माती आणि एवढी सोज्वळ? नशीब काढलंय मेल्यांनी."

सांगणार होतो. तोंड उघडलंही. ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "कॉफी आणू?"

तिची सही झाली. राव सरांचा शिक्का बसला.

कॉलेज कशावरून सोडलं मी? प्रॅक्टिकलला मास्तर म्हणाला, ही रीडिंगं तू घरून लिहून आणलीस. खरी होती ती. जर्नल त्याच्या टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो ते परत गेलोच नाही. दीड वर्ष झालं. बाबा अजून माझ्याशी आईमार्फत बोलतात. आणि मी दीड वर्ष ताठ मानेने फिरतोय, की आपण खोटं लिहिणारे नव्हेत.

१२ फेब्रु., सोम.

सकाळपासून ट्रक सुरू. अकराला फोन आला. खाणीच्या फाटकावर मुनियप्पा म्हणून म्हातारा असतो, त्याने तिसरा ट्रक अडवला. कारखान्याचा माणूस फोनवर एवढा ओरडत होता की मला बाकावर ऐकू येत होतं.

राव सरांनी दोघांना बोलावलं. "काय रे, तो मुनियप्पा म्हणतो माती पिवळी आहे म्हणून. ढिगात खाली काही राहून गेलं की काय?"

माझ्या आधी मृ. बोलली. "सर, बारा ठिकाणी खणलंय त्याने. मी मुद्दाम विचारलं होतं."

सरांनी तिच्याकडे बघितलं. "सरी, ठीक. तू म्हणतेस तर झालं." मग खाणीच्या कंत्राटदाराला फोन. तो म्हणाला असणार, कागद आहे तर म्हाताऱ्याला माती बघायला सांगितलं कुणी. ट्रक आत गेला.

बाहेर आल्यावर मृ. म्हणते, "एवढा चेहरा पाडू नकोस. मी आहे ना."

१३ फेब्रु., मंगळ.

रिपोर्टची प्रत घेऊन सरांनी खाणीवर पाठवलं, म्हाताऱ्याची समजूत घालायला. बस, मग निलगिरीच्या झाडांतून पाऊण तास चालत.

मुनियप्पाला वाचता येत नाही. प्रत्येक ट्रकमधली चिमूटभर माती घेऊन ओल्या तळहातावर चोळतो, उन्हात बघतो, वास घेतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. घर फाटकापासून हाकेवर. घराशेजारी विहीर, विहिरीशी गाय. बायकोकडून ताक मागवलं माझ्यासाठी. प्यायलो.

"तम्मा," धाकट्या भावाला म्हणतात तसं म्हणाला, "सारे जगह से लिया?"

"हो, सब जगह से." हे दुसऱ्यांदा.

त्याने कागद दोन्ही हातांनी धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "कागदा चेन्नागिदे. मण्णु चेन्नागिल्ला." कागद चांगला आहे, माती चांगली नाही. मग उठला आणि फाटकाची साखळी सोडली. ट्रक आत. पिवळी धमक माती, वर कुठे कुठे हिरवट. माझ्या बारा पिशव्यांत असला एक कणही नव्हता.

येताना मूठभर खिशात घातली. कागदात गुंडाळून.

१५ फेब्रु., गुरु.

काल मशीनवर जागा होती, ती मूठभर माती एका कोपऱ्यात लावून ठेवली, लेबल न लावता. आज सगळे जेवायला गेल्यावर थेंब टाकले.

जांभळं. फिकटबिकट नाही. नळीपलीकडचं बोट दिसेना.

बेसिनमध्ये ओतलं, नळी तीनदा धुतली. हात पुसताना मनात काय आलं ते इथे लिहायलाच हवं, दुसरं कुठे लिहिणार. पहिल्यांदा विहीर आली नाही मनात. मुनियप्पा आला नाही. आलं ते हे, की हे बाहेर आलं तर मृ.ची सही अडकेल आणि पुण्याचे लोक मागे फिरतील. आणि मला बरं वाटलं. दोन-तीन सेकंद.

१६ फेब्रु., शुक्र.

पोट दुखतंय सांगून खाणीवर गेलो. फाटकावर नवा माणूस. खुर्ची, ट्रान्झिस्टर. साखळी जमिनीवर पडलेली, ट्रक न थांबता आत.

"मुनियप्पा?"

"बुढ्ढे को निकाल दिया. बहुत नखरा करता था."

डोकं फिरलं. समोर जो ड्रायव्हर उतरला त्याचीच कॉलर धरली. पिवळी माती दिखती नहीं क्या, आंधळा आहेस का, काय काय बोललो. तो शांत. माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे बघितलं, त्यावर लॅबचं नाव आहे. म्हणाला, "सार, कागज तुम्हाराइच है ना?"

कॉलर सोडली. सुरकुतली होती ती मीच नीट केली. तो हसला.

मुनियप्पाच्या घरावरून येताना तोंड पलीकडे फिरवून चाललो. दारात होता की नाही माहीत नाही.

१९ फेब्रु., सोम.

अर्धा ढीग गेला. सर म्हणाले उरलेला शनिवारपर्यंत उचलतील, शेवटचे सगळे ट्रक शनिवारी दहानंतर.

मृ.ने धारवाडी पेढे आणले. पुण्याहून होकार. साखरपुडा येत्या रविवारी, २५ला. सगळे तिला चिडवत होते. मी पेढा घेतला आणि जीभ घसरलीच. म्हणालो, "छान झालं. रिक्षावाल्यालासुद्धा थँक यू म्हणणारा नवरा मिळाला."

ती हसली. मग थांबली. "तुला कसं माहीत?"

"काय?"

"तो रिक्षाने आला होता ते. मावशीकडे. एक वाजता." जरा वेळाने, "तू त्या दिवशी यशवंतपूरला होतास ना?"

मी पेढा तोंडात कोंबला. ती गेली आणि नमुन्यांचं रजिस्टर उघडून उभी राहिली. त्यात माझ्या अक्षरात: ९.३० ते १.००.

२० फेब्रु., मंगळ.

प्रत्येक नमुन्यातली थोडी माती महिनाभर मांडणीवर ठेवतो आम्ही. मृ.ने त्या बारा पुड्या काढल्या आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ओळीने ओतल्या. लाल, लाल, लाल. मला बोलावलं.

"एका आईची बारा पोरंसुद्धा इतकी सारखी नसतात रे."

सांगितलं. सगळं. दर्शिनी, कॉफ्या, मुनियप्पा, जांभळी नळी. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, सवय आहे मला. ओरडली नाही.

"नळी कधी केलीस?"

"गुरुवारी."

"आज मंगळवार."

"हो."

"आणि त्याआधीच्या सोमवारी मी सरांसमोर तुझ्या बाजूने बोलले तेव्हा तू शेजारी उभा होतास."

"हो."

पुड्या परत भरायला लागली. मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. तू हात नको लावू आता मातीला."

२२ फेब्रु., गुरु.

दोन दिवस बोलली नाही. आज जिन्यात थांबवलं. म्हणाली, "ऐक. रविवार होऊ दे. सोमवारी मी स्वतः सरांना सांगते. सही माझी आहे, माझं मी बघते. तुझं नावसुद्धा घेणार नाही."

"शनिवारी उरलेली सगळी जाईल."

"अर्धी गेलीच आहे की." मग स्वतःच खाली बघितलं. "घरी आजोबा धारवाडहून आलेत. मंडप सांगितलाय. चार दिवस मागतेय मी, शिरीष. तू सतरा दिवस घेतलेस."

मी म्हणालो, विहिरीचं पाणी...

"विहीर काय, मला कळत नाही? एम.एस्सी. मी आहे." ती एक पायरी खाली आली. "खरं सांग. तुला माती थांबवायचीय की रविवार?"

मी जिना उतरून खाली आलो. 

२३ फेब्रु., शुक्र.

रजा टाकून मुनियप्पाकडे गेलो. आज तोंड फिरवलं नाही. तो दारात दोरी वळत बसला होता. हिंदी-कन्नड जोडून सांगितलं, की एकाच जागेची माती भरली होती, मी खोटं बोललो, तुमचं खरं होतं.

दोरी वळणं थांबवलं नाही त्याने. "गोत्तु," म्हणाला. माहीत आहे. "तू ताक पिया, मेरे को देखा नहीं. तभी समझा."

म्हटलं, विहिरीचं पाणी पिऊ नका. गाईलाही देऊ नका.

"तो क्या पिएगी?"

 गावातला नळ कुठे आहे ते त्यानेच हाताने दाखवलं. दूर आहे. मग म्हणाला, "ये मेरे को क्यों बोला? मेरे पास साखळी नहीं अब. जिसके पास है उसको बोल."

बसमध्ये उभ्यानेच आलो. जागा होती.

२४ फेब्रु., शनि. सकाळी

सव्वासहा. राव सर पावणेसातला फिरून घरी येतात. कारखाना आठला उघडतो, ट्रक दहाला भरायला लागतात. सरांचा एक फोन पुरेल.

चिठ्ठी लिहिलीय, कारण तोंडाने सांगायला गेलो तर मी भांडेन. चारदा लिहिली. पहिलीत मृ.ला सांभाळा असं होतं, फाडली. दुसरीत ती तीनदा आली, फाडली. तिसरीत मी फार चांगला निघालो. चौथीत एवढंच आहे: बाराही पिशव्या एका जागेच्या. केमिस्टने विचारलं होतं, मी हो म्हणालो. खाणीत गेलेली माती खराब आहे, मी स्वतः तपासली. आजचे ट्रक थांबवा. विहिरीचं पाणी तपासा. खाली सही.

पण रिपोर्टवर सही तिची. सर तो आज मागे घेतील तर फोन आधी तिच्याच घरी जाणार, आजोबा बसलेत त्या घरी. तिने चार दिवस मागितले होते. आयुष्यात तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

काल झोपताना ठरवलं होतं की आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं. माती की रविवार. पंधरा तारखेचं ते दोन-तीन सेकंद बरं वाटणं अजून आत कुठेतरी आहे, नाही असं लिहिलं तर हेही खोटं होईल. ते निघून गेल्यावर स्वच्छ मनाने जाईन म्हणालो तर कधीच जाणार नाही, आणि दहाला ट्रक भरतील.

आत्ता बाबा स्वयंपाकघरातून विचारताहेत, "शनिवारी एवढ्या लवकर कुठे?" आईला नाही, मला.

काय सांगू.

"कामात लबाडी केली होती. ते सांगायला चाललोय."

 मग स्टोव्हचा आवाज बंद झाला. "चहा घेऊन जा."

नको म्हणालो. उशीर होतोय. चप्पल घातली आहे, हे उभ्यानेच लिहितोय. सर घरी नसले तर पायरीवर बसेन. मृ. पुन्हा बोलणार नाही, हे मात्र ठरल्यासारखंच.

निघालो. बाहेरून दार ओढून घेतो.