काशम्मापाशी जीभ अडत नाही

सोलापूर, ता. १२-१-१९७४

ती. अक्कास,
शरणम्माचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. तू पाठवलेली तूरडाळ लई चांगली शिजते. दाजींचा खोकला कसा आहे?

आता मनातलं लिहिते, हसू नकोस. आमचे हे माझ्याशी बोलताना किती अडखळतात, तुला ठाऊकच आहे. मी हातातलं काम टाकून समोर बसते, अडलं की शब्द पुरवते. आणि शेजारच्या काशम्माच्या ओट्यावर बसले, की हेच निंगप्पा घडाघडा बोलतात! ती विड्या वळणारी, मान वर करून बघतसुद्धा नाही. काल तिनंच मला सांगितलं, की ह्यांचे रेल्वेतले साहेब ह्यांना केबिनमध्ये फोनच्या कामावर घेत होते आणि हे नको म्हणाले. बायकोच्या आधी शेजारणीला कळावं? मी तिच्याशी बोलणं टाकलंय. काय करू, लिही.

तुझी जळकी,
शरणू

दुधनी, ता. २०-१-१९७४

चि. सौ. शरणूस अक्काचे आशीर्वाद.

दाजी बरे आहेत, खोकून घर डोक्यावर घेतात एवढंच.

रागावू नको, पण दिवाळीत मी बघितलंय. निंगप्पांनी तोंड उघडलं, की तुझी नजर त्यांच्या ओठांवर. आता अडणार, आता अडणार. मग तेही बोलायच्या आधीच तीच धास्ती घेतात. मी चहा ओतताना कुणी टक लावलं, तर माझाही सांडतो. काशम्माचे डोळे विडीच्या पानावर असतात. तुझेही दुसरीकडं ठेव की. आणि त्यांचा शब्द त्यांनाच बोलू दे.

माया आहेच, ती राहू दे.
अक्का

सोलापूर, ता. ५-२-१९७४

ती. अक्कास शि. सा. न.

तुझ्या पत्राचा आधी रागच आला होता. हे आज साहेबांकडं गेलेत, फोनचं काम करून बघतो म्हणून सांगायला. काशम्माच्या ओट्यावर अजून बसतात आणि माझा जीव अजून जळतो, खोटं कशाला लिहू?

पण काल मी पाठमोरी बसून भाकरी थापत राहिले. हे मागं पाटावर बसले. मग आपणहून फोनचं बोलायला लागले. मधे अडले, पुन्हा सुरू झाले. म्हणाले, की पलीकडचा माणूस शब्दाची वाट बघत बसणार, तेव्हा मला भ... भ... आणि थांबले. अक्का, माझ्या ओठांवर शब्द तयार होता. तव्यावरची भाकरी करपली, पण मी वळले नाही.

म्हणाले, की भीती वाटते.

एरवी मी ‘भूक लागली’ असं मीच म्हणून ताट पुढं सरकवलं असतं.

असाच कान धरत जा,
शरणू