सम्यकचं वजन

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा! पाचोडहून सकाळच्या एसटीनं निघालो तो अकराच्या आत पडेगावात. भरतीची अकॅडमी दौलताबादच्या रस्त्याला, शेवटच्या घरांच्याही पुढं आहे. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मुरमाचं मैदान, मागं टेकडी आणि आम्ही चव्वेचाळीस पोरं. जेवणाला वांग्याची भाजी इतकी जहाल होती की नाकातोंडातून पाणी आलं, तरी तीन भाकरी हाणल्या. मला इथं करमणार.

शिकवायला रिझवानभाई आहेत, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे उस्तादच म्हणतात. रोज रोजनिशी लिहायची हा त्यांचा हुकूम. फौजेत रिपोर्ट लिहावे लागतात, आतापासून हात वळवा म्हणाले. ते वाचणार नाहीत, म्हणून खरं लिहितो.

फॉर्मवर विचारलं होतं, पूर्वी काही ऑपरेशन झालंय का. मी बिनधास्त ‘नाही’ लिहिलं. सतराव्या वर्षी उसाच्या ट्रॉलीवरून पडलो, मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेवर अडीच इंचाचा व्रण आहे. जन्मभर जड उचलू नको, असं डॉक्टर बजावून गेले. पण तीन वर्षांत एकदाही दुखलं नाही आणि वयाच्या हिशेबानं ही माझी शेवटची भरती. एवढ्याशा व्रणापायी घरी बसणारा मी नव्हे. मागच्या महिन्यात मनकर्णाआत्याकडून बरोब्बर त्या व्रणावर बिब्बा घालून घेतला. मस्त उतला. फोड आले, कातडी काळी पडली आणि टाके खाली दडले. कुणी विचारलंच तर गळू झालं होतं, आत्यानं बिब्बा लावला. खेड्यातल्या पोराच्या अंगावर बिब्ब्याचा डाग दिसला तर कुठला डॉक्टर चमकणार आहे?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज वजनावरून जोड्या लावल्या. मी अठ्ठावन्न किलो, सम्यकही अठ्ठावन्न, म्हणून तो माझा जोडीदार. जेवण, पळणं, पहारा, शिक्षा सगळं जोडीनं. पोरगा एक नंबर थट्टेखोर. मला ‘पाचोडचे पाटील’ म्हणतो, पाटीलकी माझ्या सात पिढ्यांत नसताना. त्याचं घर इथून जवळच, भावसिंगपुऱ्यात. वडील नाहीत. आई, आशाबाई, गुलमंडीतल्या दुकानांसाठी घरी साड्यांना फॉल लावते. आई भरवायला लागली तर मी अजून घास घेतो, हे तो न लाजता सांगतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पळताना घाम लागून बिब्ब्याचे फोड पुन्हा फुटले. सम्यकनं खोबरेल लावून दिलं. लावता लावता त्याचा अंगठा एका जागी थांबला, कातडीखाली व्रण जिथं टणक लागतो तिथं. हे गळू नाय, म्हणाला. मी गळूच म्हणालो. त्यानं बाटलीचं झाकण लावलं आणि हात पुसले. पण त्याला कळलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या जोडीदाराला पाठीवर घेऊन टेकडी चढायची आहे. अर्ध्या वाटेवर अदलाबदल. सम्यक हळूच म्हणाला, दोन्ही टप्पे मीच नेतो तुला, वळणाच्या मागं उस्तादला काय दिसणार हाय? लई मनापासून म्हणाला. पण कुणी पाहिलं तर कारण विचारतील, आणि मग सगळंच उघडं पडेल. मला काय धाड भरलीय, असं मीच त्याच्या अंगावर खेकसलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सम्यक पडला.

अर्ध्या वाटेपर्यंत त्यानं मला आरामात नेलं. मग तो माझ्या पाठीवर चढला. शे-दीडशे पावलं गेलो आणि कमरेत वीज चमकली. माझे हात सुटले. आपोआप सुटले असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. दुखलं, म्हणून मी ते सोडले. तो पाठीवर आपटला, खाली दगडाची धार होती.

उस्ताद पळत आले. मी म्हणालो, हा पाठीवर मस्ती करत होता, हसत होता, घसरला. सम्यक शुद्धीवर होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडं बघत राहिला. त्याचे पाय हलत नव्हते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दवाखान्यात त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. उस्तादांनी पोरांना दम भरला, मस्ती कराल तर असंच होईल. सगळ्यांनी माना हलवल्या. मीपण हलवली. मला माझीच किळस येते.

पाठ भरून आली आहे. त्याचं ओझं अजून खाली ठेवलंच नाही, असं वाटतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे सम्यक गेला.

उस्तादांनी सांगितलं, दोन मिनिटं उभं केलं, आणि सोमवार म्हणून वजनं घेतली. मी काट्यावर उभा राहिलो. एकशे सोळा. उस्तादांनी काट्याला लाथ घातली, बिघडला म्हणाले. माझ्या मागचा मुलगा बावन्न भरला. गेल्या सोमवारीही तो बावन्नच होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आशाबाई त्याचं सामान न्यायला आल्या. ठेंगणी, वाळकी बाई, बोटांवर सुया टोचल्याचे डाग. माझ्यासमोर त्यांनी हात जोडले. माझ्या लेकाच्या खोडीपायी तुमालाबी लागलं असंल, मनात धरू नका बाबा, म्हणाल्या. माझ्या. समोर. हात जोडले.

तोंडापर्यंत आलं होतं. पण भरती सोळा डिसेंबरवर आली आहे. मी म्हणालो, नाही हो मावशी, मला काही लागलं नाही.

जाताना त्यांनी सम्यकचे बूट मला दिले. आपल्या दोघांचं माप एकच, असं तो घरी सांगायचा म्हणे.

३० नोव्हेंबर, रविवार

मैदानावर पाणी मारलं होतं. सगळ्यांची पावलं वरवर उठली. माझी घोट्यापर्यंत रुतली.

फोड आता कमरेवर नाहीत. गळ्यावर आहेत, दोन्ही बाजूंना, रांगेनं चार-चार. कुशीत दोन्हीकडं एकेक मोठा, जिथं गुडघे आवळतात तिथं. बिब्बा तर आत्यानं फक्त कमरेला —

खोबरेल लावलं. लावताना रडलो.

३ डिसेंबर, बुधवार

पळतो तेव्हा कानाशी श्वास. माझा थांबवून पाहिला. तो चालूच —

पालथंच झोपावं लागतं. उताणा होता येत नाही. मध्ये कुणीतरी —

५ डिसेंबर, शुक्रवार

उस्तादांकडं गेलो. ऑपरेशनचं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. टाके मला पहिल्याच दिवशी दिसले होते, म्हणाले. जानेवाला गया बेटे, अब बाकी पोरांच्या भरतीत माती कालवू नको.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तरी जोडी लावली.

पण हात सोडले मी. खोटं बोललो मी. त्यांच्यावर ढकलून पाहिलं, जरासुद्धा हलकं झालं नाही.

भरती गेली खड्ड्यात. आशाबाईंना सांगणार. सांगितलं की तो उतरेल. उतरायलाच पाहिजे —

७ डिसेंबर, रविवार, दुपार

भावसिंगपुऱ्यात. आशाबाईंच्या घरी. जमिनीवर बसलोय, वही मांडीवर. उठता येत नाही म्हणून लिहितो —

दार उघडलं तेव्हा माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावर पाहिलं. हसल्या. किती वाळला रं, म्हणाल्या. मला नाही.

सांगितलं. सगळं. ऑपरेशन, बिब्बा, मी हात सोडले, तो घसरला नव्हता. दोनदा सांगितलं, मोठ्यानं. त्या वरण वाढत होत्या. व्हय, ठावं हाय, म्हणाल्या. आत्ताच सांगितलं त्यानं.

मग उतर ना. सांगितलं ना मी. उतर —

त्या भरवतायत. घास माझ्या कानाजवळून मागं जातो. हात रिकामा परत येतो. कानाशी चावण्याचा —

मावशी, उतरवा त्याला, म्हणालो. पाया पडलो. रडायला लागल्या. उतरवला तर मला कुठं दिसंल, म्हणाल्या.

कमरेत कट्‌कन — पाय — चिमटा काढला, कळत नाही — दुसऱ्या पायालापण —

दाराला आतून कडी घातली. ताट पुन्हा भरलं. आज ऱ्हाऊ दे, म्हणतात, उद्याबी ऱ्हाऊ दे, तू निस्ता वाकू नको बाबा, पडंल त्यो, तू निस्ता —