अणूचं दालन

३ फेब्रुवारी, मंगळवार

एवढ्याशा भिंतीवर अडीच हजार वर्षं बसवायची! संग्रहालयाचे संचालक म्हणतात, "अणूची गोष्ट सोपी करा, शाळेची मुलं येणार." शेतात सांडलेले कण वेचून खाणारा ऋषी आणि तुकडे करत करत न तुटणाऱ्या कणापाशी थांबलेला ग्रीक, दोघांना शेजारी लावलं. अणू दोघांनीही पाहिला नव्हता, पण ठाम होते. हट्टी माणसं.

हट्टावरून आठवलं. बाबांना फोन केला. शेजारीण सांगत होती, परवा त्यांनी चहा कपाबाहेर ओतला. पुन्हा म्हटलं, माझ्याकडे राहायला या. जन्मभर विज्ञान शिकवलं, आवाज अजून वर्गातलाच — "डोळे शाबूत आहेत माझे! तुझ्याकडे येऊन काय करू, टीव्ही बघू?" विषय संपला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पोकळीवर गाडी अडली. अणू हलायचे तर मध्ये रिकामी जागा हवी. आणि 'काहीच नाही' अशी जागा असेलच कशी, म्हणून मोठमोठ्या पंडितांनी अणुवाद्यांना शतकानुशतकं दारात उभं केलं नाही.

पेंटर विचारतो, "मॅडम, या चौकटीत काय रंगवू?" म्हटलं, काही नको. "मग चौकट कशाला?" झालं! हाही पंडितांच्याच पक्षात.

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांकडे गेले. फलकांचा मजकूर पुढे केला. "तूच वाच, चष्मा शोधायचा कंटाळा आलाय." वाचत गेले. कवडशातली धूळ नाचते ती अणूंच्या धक्क्यांनी — इथे त्यांनी हात वर केला. "चूक! धूळ वाऱ्यानं हलते. अणूंच्या धक्क्यांना ती दाद देत नाही. जुन्यांचा तर्क बरोबर, दाखला चुकला. तू धूर घे. त्याचे कण कितीतरी बारीक."

फलक छापून झालाय!! संचालक कपाळाला हात लावणार. पण म्हातारा बरोबर आहे. डोकं इतकं तल्लख, तर मी कोणत्या तोंडानं म्हणू की एकटे राहू नका?

तरी धीर करून म्हटलं, "उद्घाटनाला सूक्ष्मदर्शकाखाली धूरच ठेवते, पहिले तुम्ही बघा. धुराचे कण नीट दिसले, तर पुन्हा 'या' म्हणणार नाही."

"ठरलं," म्हणाले. लगेच. मलाच कसंतरी झालं. खाली सोडायला आले तेव्हा कठड्यावरचा हात त्यांनी एकदाही काढला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

नवा फलक आला. धूळ गेली, धूर आला. संचालक माझ्याशी बोलत नाहीत.

शेवटचा मजकूरही लिहून टाकला. रंग धड न ओळखणाऱ्या एका मास्तरानं वजनं करकरून अणू पुन्हा उभे केले. तरी पुढची शंभर वर्षं शहाणे लोक विचारत राहिले, "तुम्ही पाहिलाय का एखादा?" शेवटी पाण्यातल्या बारीक कणांच्या थरथरीचं गणित जुळलं, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. आणि लगोलग तो न तुटणारा अणूच फुटला! शास्त्रात कुणाचाच शब्द शेवटचा नसतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

पार पडलं! दोरीचा तुकडा जाळून काचेच्या डबीत धूर मीच भरला. बाबा सावकाश वाकले, डोळा लावला. मग त्यांचा तो वर्गातला आवाज — "आहेत, आहेत! काय धावपळ चाललीय एकेकाची!" टाळ्या. मागोमाग अध्यक्ष वाकले, "अद्भुत!" म्हणाले आणि खुर्चीकडे वळले. मग भाषणं, चहा, पांगापांग. मला स्वतःला बघायला वेळच मिळाला नाही.

गाडीत बाबा म्हणाले, "आता शब्द पाळ." पाळणार! किती हलकं वाटतंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

इलेक्ट्रिशियन आज सांगतो — शनिवारी उद्घाटनाआधीच माइक लावायला त्यानं सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याची पिन काढली होती. आत्ता लावली. दिव्याशिवाय आत मिट्ट काळोख.

अध्यक्षांचं सोडा, ते प्रत्येक उद्घाटनात 'अद्भुत' म्हणतात. पण बाबांनी कुणाची लाज राखायला आयुष्यात खोटं सांगितलेलं नाही. डोळे धड असते, तर 'आधी दिवा लावा!' म्हणून तिथेच ओरडले असते.

फोन केला. म्हटलं, "बाबा, शनिवारी दिवा लागलाच नव्हता."

मग म्हणाले, "माझं सामान फारसं नाही. कधी येतेस?"