शेडर तयार होत आहेत, कृपया थांबा

शिरूर कासार,
मंगळवार

चि. प्रविण यास,

तानाजीमामाचे अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? वच्छलेला म्हणावं, जिना चढणं बंद कर, ऐकणार नाही हे माहीत आहे तरी सांग. सूनबाई ज्योत्स्ना यांची बदली थांबली असेल अशी आशा करतो. इकडे तुझी मामी विमलबाई ठणठणीत. मीही बरा आहे. फक्त घरातला कॉम्प्युटर लिनक्सवर आहे. (ही खुशाली नसून तक्रार आहे.) फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहितो. पत्राला तरी तुला 'दोन मिनिटांत करतो' असं सांगता येणार नाही.

दिवाळीत तू आलास, फराळ केलास, आणि मी अंघोळीला गेलो तेवढ्यात जुनी सिस्टीम पुसून लिनक्स टाकून मोकळा झालास. 'मामा, आता आयुष्यभर काळजी नाही,' असं म्हणालास. तो गाड्यांच्या शर्यतीचा गेमही तूच टाकलास, आणि तलवाड्याला जाऊन तुझ्या धाकट्या मामाच्या, म्हणजे आमच्या आश्रुबाच्या कॉम्प्युटरवरही टाकून आलास. त्याची सिस्टीम मात्र होती तशीच ठेवलीस. हा भेदभाव मी तेव्हाच मनात टिपून ठेवला होता.

आम्ही दोघं सहा वर्षं बोलत नाही हे तुला माहीत आहे, कारण मात्र तुला दोन्हीकडून वेगवेगळं ऐकवलं गेलं असणार. खरं ते असं. माझ्या निरोप समारंभात हा गृहस्थ न बोलावता उठला आणि माईकवर म्हणाला, "आमच्या दादानं एकतीस वर्षं कॉलेजात बाटल्या धुतल्या, पण एक फुटू दिली न्हाई." सगळा हॉल हसला. प्राचार्यही हसले. मी प्रयोगशाळा सहायक होतो, प्रविण. बाटल्या धुणं हे त्या कामातलं एक काम आहे. तो म्हणतो, मी कौतुक केलं होतं. असेल. पण कौतुक करताना माणूस हशासाठी थांबत नाही, हा थांबला होता.

असो. तर इंटरनेटवरून आमची शर्यत सुरू झाली की आश्रुबाची गाडी सरळ जायची आणि माझी गोठायची. नवं वळण आलं, धूळ उडाली, पाण्यातून चाक गेलं, की पडदा क्षणभर थिजायचा आणि सुटायचा तेव्हा मी झाडात असायचो. विमलबाई म्हणाल्या, तुमची नजर गेली. शेवटी कॉम्प्युटरचा डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीने बीडला नेला. दुरुस्तीवाल्याने झाकणही उघडलं नाही. 'लिनक्स कुणी टाकलं?' असं त्याने विचारलं, दवाखान्यात 'आधी कुणाला दाखवलं होतं?' विचारतात त्या सुरात. मी तुझं नाव सांगितलं नाही. (भाचा म्हणालो.)

मग तूच फोनवर समजावलंस की पाणी कसं चमकावं, धूळ कशी दिसावी, याचे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात, आणि ते ग्राफिक कार्डाला कळतील असे एकदा तयार झाले की कॅश नावाच्या फोल्डरमध्ये साठवले जातात. हे मला लगेच पटलं. प्रॅक्टिकलच्या आधी द्रावणं करून ठेवली की पोरांचा तास अडत नाही, तसं. आणि खरोखर तीन-चार आठवड्यांत गाडी सुरळीत पळू लागली. मी आश्रुबाला दोनदा हरवलं. गेममधल्या निरोपाच्या पाटीवर एकमेकांना लिहायचो ते एवढंच : 'चल', 'हं', 'पुन्हा'. दर रविवारी दुपारी. सहा वर्षांत आमच्यात एवढं दळणवळण झालं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका शर्यतीनंतर त्याने लिहिलं, "दादा, पुढच्या रैवारी साडेचारला माईक लाव. बोलायचंय." दादा हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. विमलबाईंना दाखवला नाही. सोमवारी जाऊन माईक आणला.

आता तुझा पराक्रम. शुक्रवारी डिस्क भरल्याची सूचना आली. तुला विचारलं तर तू घाईत म्हणालास, 'मामा, कॅश साफ करा.' कोणती ते सांगितलं नाहीस. मी शोधलं, बारा जीबीचं एक फोल्डर दिसलं, नावातच कॅश होतं, पुसलं. कचरापेटीतूनही पुसलं, मला अर्धवट काम आवडत नाही. म्हणजे तयार करून ठेवलेली सगळी द्रावणं मी स्वतःच्या हाताने मोरीत ओतली.

रविवारी पावणेचारला माईक लावून बसलो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. (माईकवर शर्ट दिसत नाही हे विमलबाईंनी सांगितलं.) गेम उघडला तर खिडकी आली : शेडर तयार होत आहेत, दोन टक्के. साडेचारला अडतीस झाले. विमलबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "नंबर हाय ना त्याचा? फोन लावा की." मी म्हणालो, त्याने माईकवर बोलावलंय, फोनवर नाही. त्या उठून आत गेल्या. पाचला पंचावन्न टक्के. शंभर झाले तेव्हा सहाला दहा कमी होती. आत गेमच्या पाटीवर त्याचे तीन निरोप होते. 'आलो.' मग, 'दादा, हायस का?' आणि पाच वाजून वीस मिनिटांचा शेवटचा, 'बरं. कळलं.'

त्याला काय कळलं ते मला कळलं. त्यानंतर तीन रविवार गेले, तो आलेला नाही. गाडी आता लोण्यासारखी पळते, एकटीच. यात चूक कुणाची हे तू सुशिक्षित आहेस, मी सांगायला नको.

वच्छलेला व सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा मामा,
तानाजी

ता. क. लिनक्स, कॅश, डिस्क यांचं सावकाश बघू. आधी आश्रुबाला फोन कर आणि सांग, दादा पावणेचारपासून मशीनसमोर बसून होता. तुझ्यावर त्याचा विश्वास आहे, माझ्यावर राहिला नसेल.

दुसरा ता. क. त्या शेडरच्या खिडकीत खाली 'स्किप' असं बटण होतं. दाबलं असतं तर गेम तेव्हाच उघडला असता. गाडी अडखळली असती, पण माईक चालला असता. तू ते दिवाळीतच दाखवलं होतंस. साडेचारला मी त्यावर दोनदा बाण नेला. तो माफी मागायला आलाय की मी मागावी म्हणून आलाय, हे ठरेना, आणि टक्के वाढताना बघणं सोपं वाटलं. हे आश्रूला सांगू नको. त्याने विचारलंच, तर सांग.