इंटरकूलरला झेंडूचा हार

सावेडी, नगर

तीर्थस्वरूप नारायणमामा यांस,

केदारचा कोपरापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींनी पाठवलेल्या कुरडया पोचल्या आणि संपल्याही (डबा घासून ठेवला आहे). इकडे आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे आणि तुमची भाची मधुवंती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. कारण तुम्हाला ठाऊक आहेच. दसऱ्याच्या जीपगाड्यांच्या चढाईत, तुमच्या डोळ्यांदेखत, तिसगावच्या टेकडीवर अर्ध्या वाटेत माझी जीप वाफ सोडत उभी राहिली. "आता एकदा जरी तापली तर विकायची," ही मधुवंतीची अट मी आधीच मान्य करून बसलो होतो. रविवारी गिऱ्हाईक येतंय. जीपमधून दुधाचे कॅन वाहणार आहे म्हणे. (फोनवर हे बोलता येत नाही, कारण मधुवंती शेजारीच असते. म्हणून पत्र.)

मामा, अट मान्य केल्यावर मी काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. जीपच्या टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात, आणि दाबली की ती तापते. ती आधी निववायला इंटरकूलर बसवतात. आपण चहा बशीत ओततो ना, त्यातलाच प्रकार. आमच्या फैयाज मिस्त्रीने तो पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात इतका नेटका बसवला की मी दोन दिवस बॉनेट उघडून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो (शेजारच्या सविताताई दूध आणायला निघाल्या होत्या, त्यांनाही). अडचण एवढीच, की मग रेडिएटरला इंटरकूलरची उष्टी हवा मिळते, आणि चढावर गाडी मुंगीच्या पावलांनी चालली की तीही मिळत नाही. त्यासाठी रेडिएटरमागे विजेचा मोठा पंखा लागतो, समोरची हवा आत खेचणारा. फैयाज म्हणाला होता, "पंखा मी दसऱ्यानंतर जोडतो साहेब, तुमी हात लावू नका." पण चढाई दसऱ्याला, आणि दसऱ्याला त्याचं गॅरेज बंद. वायरी त्या दोनच, एक लाल, एक काळी. त्यात हात न लावण्यासारखं काय आहे? मी जोडल्या, पंखा फिरला आणि माझी कॉलर ताठ झाली.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग तुमचा हार आला. स्वतःच्या मळ्यातल्या झेंडूचा, मनगटाएवढा जाड हार तुम्ही जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन पदरी बांधलात, वर आंब्याची पानं खोचलीत. मी दबकत सुचवलं की बॉनेटवर बांधू. तुम्ही म्हणालात, "दसऱ्याचा हार हाय, जावईबापू. आपोआप गळंस्तोवर काढायचा न्हाई." आता मामेसासऱ्यांपुढे इंटरकूलरचा विषय कोण काढणार? चढ सुरू झाला आणि काय शोभा आली म्हणून सांगू. जाळीतून झेंडूच्या पाकळ्या कारंज्यासारख्या पुढे उडायला लागल्या. जीप आपल्याच वाटेवर फुलं उधळत चालली होती. लोक टाळ्या वाजवत होते, मामींनी हात जोडले, मीही खिडकीतून हात हलवत राहिलो. त्या भरात तापमानाच्या काट्याकडे बघायचं राहून गेलं. पुढचं वाफेनेच सांगितलं.

मी रागावलेलो नाही. हाराने हवा अडली, इंजिन तापलं, इतकं ते सरळ आहे. झेंडू मात्र उत्तम होता.

मामींना नमस्कार.

तुमचा,
केदार

ता. क. मूळ काम राहिलंच. शनिवारच्या आत मधुवंतीला एक फोन करा आणि सांगा की दोष हाराचा होता, गाडीचा (आणि केदारचा) नव्हे. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र मधुवंतीच्या हाती लागलं. सगळं वाचून ती पाकळ्यांपाशी थांबली आणि शांतपणे म्हणाली, पंखा हवा आत खेचतो ना, मग पाकळ्या पुढे कशा उडाल्या? तिने बॉनेट उघडलं, लाल आणि काळ्या वायरीची अदलाबदल केली, आणि संध्याकाळी स्वतः गाडी डोंगरगणच्या चढावर नेली. काटा जागचा हलला नाही. गिऱ्हाइकाला तिनेच नको म्हणून कळवलं. मामा, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

गाडी राहिली, चालक मात्र बदलला. पुढच्या चढाईला ती चालवणार आणि मी शेजारी बसून काट्याकडे बघणार. तुमच्या हारावर आळ घेतला म्हणून माफी मागायला तिने सांगितलं आहे, ती मागतो. हार याही वेळी आणा म्हणते, तेवढाच जाड. गाडीला नको, तिच्या स्वतःच्या गळ्यात घालायचा आहे.